शी आवरण्यासाठी हाड कमी-जास्त करू नका: मोठ्या जातीच्या पिल्लाच्या कच्च्या आहारातला पुन्हा पुन्हा येणारा बिघाड

लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन. वय तीन ते सात महिने. कच्चं चिकन सुरू होऊन महिना-दीड महिना झालाय. आधी शी पातळ होते. कोणीतरी सांगतं, हाड वाढवा. गळे आणि पाठीचे तुकडे वाढवले की चार दिवसांत शी घट्ट होते, आठवड्याने पांढरट, खडूसारखी भुगा होणारी, आणि पिल्लू कुंथायला लागतं. मग हाड बंद, नुसतं बोनलेस. पुन्हा पातळ. पुन्हा हाड. असे दोन-तीन फेरे झाले की एका सकाळी पिल्लू उठताना पुढचा पाय टेकवत नाही, दोन दिवसांनी दुसरा पाय दुखतो, आणि घरात कॅल्शियमच्या सिरपची बाटली येते.

पातळ शी, पांढरी शी आणि लंगडणं या तीन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण बहुतेक वेळा त्यांचं मूळ एकच असतं: शी आवरायला हाड वापरलं जातंय. हाड हे शी घट्ट करायचं औषध नव्हे. पिल्लाच्या सांगाड्याला रोज लागणाऱ्या कॅल्शियमचा तो हप्ता आहे. हप्ता ठरलेला असतो, तो शी बघून बदलायचा नसतो. शी आवरायचे मार्ग वेगळे आहेत, ते पुढे येतात.

हे मोठ्या जातींनाच का बाधतं

पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचं आतडं गरजेपुरतं कॅल्शियम घेतं आणि उरलेलं सोडून देतं. साधारण सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला हे जमत नाही. ताटात जितकं जास्त, तितकं जास्त रक्तात जातं. रक्तातलं वाढलेलं कॅल्शियम खाली आणण्यासाठी शरीर हाडांची झीज-भर थांबवतं, आणि वाढीच्या टोकाला असलेली कूर्चा वेळेवर हाडात बदलत नाही. पामेरियनच्या पिल्लाला वर्षभरात दोन-तीन किलो व्हायचं असतं, त्याचं यात निभावतं. दीड किलोचं पिल्लू वर्षाला चाळीस किलो होणार असेल तर तीच चूक कोपरात, खांद्यात आणि मनगटाच्या वर दिसते. नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या पशुवैद्यकांनी १९८५ मध्ये ग्रेट डेनच्या पिल्लांवर हे दाखवून दिलं. कोरड्या अन्नाच्या १.१ टक्के कॅल्शियम मिळालेली पिल्लं नीट वाढली, ३.३ टक्के मिळालेल्यांच्या सांगाड्यात दोष आले.

उलट बाजूही तितकीच वाईट. शंभर ग्रॅम बोनलेस चिकनमध्ये कॅल्शियम जेमतेम १० मिलिग्रॅम आणि फॉस्फरस १९० च्या आसपास असतो. पिल्लाला हवं असलेलं प्रमाण आहे फॉस्फरसच्या सव्वापट ते दीडपट कॅल्शियम. नुसत्या बोनलेसवर ठेवलेलं पिल्लू कॅल्शियमसाठी स्वतःचीच हाडं विरघळवू लागतं. ती पातळ होतात, वाकतात, आणि कधी पलंगावरून मारलेल्या साध्या उडीने मोडतात. गळ्यांवर ठेवलेलं पिल्लू आणि बोनलेसवर ठेवलेलं पिल्लू, दोन्ही लंगडतात. म्हणून लंगडताना दिसलं की लगेच कॅल्शियमचं सिरप देणं म्हणजे अंधारात औषध देणं. आधी ताटात काय होतं ते बघायचं.

यात एक गैरसमज फार पसरलाय: "सकाळच्या कोवळ्या उन्हात बसवा, ड जीवनसत्त्व मिळेल." माणसाला मिळतं. कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसं तयार होत नाही, त्याला ते अन्नातूनच लागतं: मासे, अंड्यातलं पिवळं, थोडी कलेजी. पिल्लाला उन्हात खुशाल बसू द्या, पण हाडांसाठी त्यावर विसंबू नका.

आधी हे वगळा

आहाराला हात लावण्यापूर्वी चार गोष्टी दवाखान्यात पक्क्या करून घ्या. नाहीतर तुम्ही ताट बदलत राहाल आणि दुखणं दुसरंच असेल.

गोव्याच्या दमट हवेत गोचीड बारा महिने असते, आणि गोचीड तापाची सुरुवात अनेकदा लंगडण्यानेच होते: आज हा पाय, परवा तो. ताप, मलूलपणा, फिकट हिरड्या, भूक कमी, यातलं काहीही सोबत असेल तर रक्ततपासणी आधी, कॅल्शियमचा विचार नंतर.

पातळ शीसाठी ताजी शी सूक्ष्मदर्शकाखाली बघायला द्या. ताजी म्हणजे त्याच सकाळची, बंद डबीत, दोन-तीन तासांच्या आत. अंकुशकृमी, कॉक्सिडिया आणि जिआर्डिया या आतड्यातल्या तिन्ही परजीवींनी शी पातळ होते आणि यातलं एकही हाडाने बरं होत नाही. जिआर्डिया एका नमुन्यात सापडेलच असं नाही. एक दिवसाआड तीन नमुने द्यावेत. अंगणात मोकळं फिरणाऱ्या पिल्लाला पावसाळ्यात अंकुशकृमी होणं अगदी सहज, तेव्हा जंताचं औषध वजन करून, तारखेला.

तिसरं, मनगटाच्या जरा वर, पायाच्या दोन्ही बाजूंना गरम, दुखरी सूज आणि ताप असेल तर तो वाढीच्या पट्टीचा आजार असू शकतो. हा तीन ते सहा महिन्यांत येतो, आणि त्याला त्याच दिवशी दवाखाना हवा.

चौथं, एक्स-रे. दहा दिवसांहून जास्त लंगडणाऱ्या पिल्लाचा एक्स-रे टाळू नका. हाडं पातळ झालीत की कूर्चा अडकलीय की दोन्ही नाही, हे हाताने चाचपून कळत नाही.

आणि जिथे थांबायचंच नाही ते वेगळं: पोट फुगलंय आणि ओकारीचा उमाळा येऊनही काही पडत नाही; चोवीस तास कुंथूनही शी नाही आणि उलट्या; लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाला रक्ताची शी आणि उलटी. रात्र असली तरी निघा.

सध्याच्या ताटात किती हाड आहे ते मोजा

चिकनच्या दुकानात बोनलेस काढून उरलेले गळे, पाठी आणि पाय स्वस्तात मिळतात. कच्चा आहार म्हणजे तेच, असं समजून अर्धं ताट त्यांनी भरलं जातं. पण त्यांत मांस फार थोडं असतं. कातडी काढलेल्या गळ्यात वजनाच्या तीन-चतुर्थांश हाडच असतं, पायात सुमारे ६० टक्के, पंखात ४५ च्या आसपास, तंगडीत साधारण एक-तृतीयांश. रोज २५० ग्रॅम गळे खाणाऱ्या पिल्लाच्या पोटात पावणेदोनशे ग्रॅमच्या वर हाड जातं. पंधरा किलोच्या पिल्लासाठी हे गरजेच्या दुप्पट-तिप्पट होतं. वर सिरप, वर दूध.

आता गरज किती ते काढू. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला दर १००० कॅलरीमागे ३ ते ४.५ ग्रॅम कॅल्शियम हवं, आणि साडेतीनच्या आसपास राहिलेलं बरं. कॅलरी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर निघतात. पिल्लाचं वजन किलोत घ्या, तो आकडा तीन वेळा मांडून एकमेकांत गुणा, उत्तराचं दोनदा वर्गमूळ काढा, ७० ने गुणा. ही झाली निव्वळ पडून राहायची गरज. चार महिन्यांच्या आत तिची अडीच ते तीनपट, चार महिन्यांनंतर दुप्पट, आणि पूर्ण वजनाच्या ८० टक्क्यांवर आल्यावर पावणेदोनपटीकडे उतरायचं.

उदाहरण म्हणून साडेचार महिन्यांचं, १५ किलोचं लॅब्राडॉर घ्या. १५ × १५ × १५ = ३३७५. वर्गमूळ ५८.१, पुन्हा वर्गमूळ ७.६२. सत्तरने गुणून ५३३. दुप्पट केल्यावर १०६६, म्हणजे दिवसाला सुमारे १०५० कॅलरी. कॅल्शियमची गरज साडेतीन-पावणेचार ग्रॅम.

"वजनाच्या इतके टक्के मांस" हा सर्वत्र सांगितला जाणारा हिशेब मोठ्या पिल्लाला लावू नका. कातडीसकट चिकन आणि बिनकातडीचं चिकन यांच्या कॅलरीत जवळजवळ दुपटीचा फरक पडतो, टक्के मात्र तेच राहतात. पिल्लू गुबगुबीत होतं, सगळे कौतुक करतात, आणि तो भार कच्च्या सांध्यांवर येतो. अठ्ठेचाळीस लॅब्राडॉरवर आयुष्यभर केलेल्या एका अभ्यासात जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं होतं. कमी खाणारे सरासरी १३ वर्षं जगले, भरपूर खाणारे ११.२ वर्षं, आणि खुब्यांचे दोषही कमी खाणाऱ्यांत कमी निघाले. पिल्लाच्या बरगड्यांवरून हात फिरवा. हात पसरून बोटांच्या मागच्या हाडांवरून जसं लागतं तसं लागलं तर ठीक. तळहातासारखं मऊ लागलं तर जाड, मूठ वळल्यावरच्या गाठींसारखं लागलं तर बारीक. दर रविवारी वजन, दर रविवारी हा हात.

हाडाऐवजी मोजलेलं कॅल्शियम

हा बिघाड कायमचा मोडायचा असेल तर वाढ संपेपर्यंत कॅल्शियमसाठी हाडावर अवलंबून राहू नका, असंच आमचं म्हणणं आहे. एका कोंबडीच्या हाडात किती कॅल्शियम ते तिचं वय आणि भाग यांवर बदलतं, दुकानदार कधी मोठा तुकडा टाकतो कधी लहान. वजनकाट्यावर मोजलेली पूड रोज तितकीच असते.

इथे दुसरी एक चूक टपलेली असते. अंड्याच्या कवचाची पूड घालायला सगळे सांगतात. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला ती चालते. पिल्लाला नुसतं कवच पुरत नाही, कारण कवचात कॅल्शियम असतं पण फॉस्फरस जवळजवळ नसतो, आणि वाढत्या हाडाला दोन्ही लागतात. हाडातून दोन्ही मिळत होते. हाड काढलं तर दोन्ही परत घालावे लागतात. म्हणून कवचाच्या जोडीला डायकॅल्शियम फॉस्फेट. ते औषधी किंवा खाद्य दर्जाचंच घ्या. गुरांच्या पेंडीत घालायची पोती मिळतात, ती पिल्लासाठी नकोत, त्यात फ्लोरीन जास्त असू शकतं.

वरच्या १५ किलोच्या पिल्लाचं एका दिवसाचं ताट असं बसतं:

बिनकातडीचं बोनलेस चिकन, शक्यतो तंगडीचं: ४५० ग्रॅम
पोटा आणि हृदय मिळून: ८० ग्रॅम
चिकनची कलेजी: ३० ग्रॅम
अंडी: २
शिजवून काटे काढलेले तारले किंवा बांगडा: ६० ग्रॅम
मऊ भात: १०० ग्रॅम
शिजवलेला तांबडा भोपळा: ६० ग्रॅम
सूर्यफूल तेल: १ छोटा चमचा
डायकॅल्शियम फॉस्फेट (पाणीयुक्त प्रकार): ७ ग्रॅम, निर्जल असेल तर ५.५ ग्रॅम
अंड्याच्या कवचाची पूड: ५ ग्रॅम

एकूण सुमारे १०५० कॅलरी, कॅल्शियम ३.६ ग्रॅम, फॉस्फरस २.७ ग्रॅम. पिल्लू २० किलोचं झालं की गरज १३०० च्या थोडी वर जाते. तेव्हा सगळंच सव्वापट करायचं, दोन्ही पुडीसुद्धा. नुसतं मांस वाढवून पूड तीच ठेवली की हिशेब पुन्हा मोडला.

या ताटात जस्त, तांबं, मँगनीज, आयोडीन आणि ई जीवनसत्त्व कमी पडतात. चिकनमध्ये जस्त मुळातच थोडं, आणि कॅल्शियम जास्त झालं तर असलेलंही नीट शोषलं जात नाही. ओठांभोवती, डोळ्यांभोवती आणि पंजांच्या गाद्यांवर जाड खपल्या धरू लागल्या तर हेच कारण तपासायला सांगा. यासाठी पशुवैद्यकाकडून घरच्या जेवणात घालायचं खनिज-जीवनसत्त्व मिश्रण वजनानुसार ठरवून घ्या, आणि ताटाची ही यादी त्यांना दाखवा. त्या मिश्रणाच्या डब्यावर कॅल्शियम लिहिलेलं असेल तर तितकं कवच वजा करा. ज्या घरात गोमांस किंवा म्हशीचं मांस चालतं तिथे निम्म्या चिकनच्या जागी त्याचे चरबी काढलेले तुकडे घातल्यास जस्ताची तूट बरीच कमी होते. तपासणी झालेल्या कत्तलखान्यातलंच घ्या. उसगावच्या गोवा मीट कॉम्प्लेक्समुळे गोव्यात ही सोय आहे. चालत नसेल तर हरकत नाही, मिश्रण आहेच.

कवचाची पूड करताना घाई नको. कवचं धुऊन दहा मिनिटं उकळा, पसरून खडखडीत वाळवा, मिक्सरच्या कोरड्या भांड्यात दोनदा फिरवा आणि चहाच्या बारीक गाळणीतून गाळा. चिमूट अंगठा-बोटात चोळून बघा. तांदळाच्या पिठीसारखी लागली तर झाली. मिरामारच्या वाळूसारखी खरखरली तर पुन्हा मिक्सरमध्ये. जाडसर पूड नीट शोषली जात नाही आणि पोटही टोचते. मोजायला ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, सोनाराकडे असतो तसा. चमच्याचा भरवसा धरू नका, एकाच चमच्यात सपाट आणि शिगोशीग यांत दुपटीचा फरक पडतो.

चौदा दिवसांत शी पूर्ववत करणं

दवाखान्यातून जंत आणि ताप वगळले गेले की एकदा सगळं शून्यावर आणा.

पहिले तीन दिवस: शिजवलेलं बिनकातडीचं चिकन आणि उकड्या तांदळाची घट्ट पेज, निम्मं-निम्मं, दिवसातून चार वेळा. हाड नाही, कलेजी नाही, मासा नाही, दूध नाही, नारळ नाही. तीन दिवस कॅल्शियमविना गेल्याने काही बिघडत नाही.

चौथ्या दिवशी दोन्ही पुडी निम्म्या मात्रेत, सहाव्यापासून पूर्ण. याच वेळी पेज उतरवत भाताच्या ठरलेल्या मापावर या आणि अंडं सुरू करा. आठव्या दिवशी पोटा-हृदय. दहाव्या दिवशी कलेजी, तीही ५ ग्रॅमपासून, रोज पाच-पाच वाढवत. बाराव्यानंतर मासा. एका वेळी एकच नवी वस्तू, आणि दोन दिवस शी नीट राहिल्याशिवाय पुढची नाही. चौदाचे अठरा दिवस झाले तरी चालतील.

मध्येच शी पातळ झाली तर पुडीला हात लावायचा नाही. शेवटची आलेली वस्तू काढा आणि याच क्रमाने कारण शोधा:

सर्वांत आधी ताटाचं आकारमान. पिल्लांच्या पातळ शीचं सर्वांत मोठं कारण म्हणजे जास्त खाणं. दहा टक्के कमी करून दोन दिवस बघा. सकाळी शी बांधीव आणि संध्याकाळची सैल, असं असेल तर जवळजवळ नेहमी हेच असतं.

मग चरबी. कातडी, मटणाची चरबी, ओलं खोबरं, कढीतली उरलेली तर्री. गोव्यातल्या घरात नारळ सगळीकडे असतो आणि किसताना एक कपचा पिल्लाला जातोच, तो थांबवा. शी पिवळट, चिकट, तेलकट दिसते.

मग कलेजी. काळपट, डांबरासारखी पण दुर्गंधी नसलेली सैल शी बहुतेक कलेजी जास्त झाल्याची असते. मात्र शी खरोखर काळीकुट्ट आणि पिल्लू मलूल असेल तर आतला रक्तस्राव वगळायला दवाखान्यात जा.

शेवटी तंतू. तांबड्या भोपळ्याचं माप ६० वरून ९० ग्रॅम करा. गोव्यातल्या बाजारात त्याला दुदी म्हणतात, म्हणून सांगणाऱ्याला नेमका कोणता भोपळा म्हणायचंय ते विचारून घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर इसबगोल, १५ किलोच्या पिल्लाला पाव ते अर्धा छोटा चमचा, भरपूर पाण्यात भिजवून. हाडाने जे काम करून घ्यायचा प्रयत्न होता ते हा चमचा करतो, आणि सांगाड्याला धक्का लावत नाही.

पांढरी, कोरडी शी नव्या ताटावर यायला नको. आली तर कोणीतरी बाहेरून हाड घालतंय. घरातल्या सगळ्यांना, शेजाऱ्यालाही विचारा.

कच्चं की शिजवलेलं

हा हिशेब दोन्हींना लागू आहे. मोजलेल्या पुडीचा सर्वांत मोठा फायदा हा की मांस कच्चंच द्यायची सक्ती उरत नाही. हाड शिजवलं की ते टोकदार फुटतं, म्हणून हाड देणारे कच्च्यात अडकतात. पूड देणारे मोकळे असतात. लसीकरण पूर्ण होईपर्यंत, घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत गोव्यात मांस शिजवूनच द्यावं. शिजवताना सुटलेलं पाणी त्याच ताटात ओता, पूड मात्र ताट कोमट झाल्यावर वरून मिसळा.

ज्यांना कच्चंच द्यायचंय त्यांनी एक पक्कं समजून घ्यावं: फ्रीझरने जंतू मरत नाहीत, झोपतात. साल्मोनेला असलेलं चिकन महिनाभर गोठवून काढलं तरी त्यात साल्मोनेला असतो. पिल्लू स्वतः ठणठणीत दिसत असलं तरी त्याच्या शीतून, तोंडातून तो घरभर जातो. समोर कापलेली कोंबडी ताजी असते, निर्जंतुक नसते. दुकानातल्या यंत्रातून खिमा करून घेऊ नका, आधीच्या गिऱ्हाइकाचंही त्यात येतं. तुकडे आणून घरी बारीक करा. बर्फाचा डबा सोबत न्या, सकाळीच घ्या. घरी आल्यावर एका वेळचं एक पाकीट, हाताने दाबून पुस्तकासारखं सपाट. गोळा करून ठेवलेलं मांस बाहेरून सुटतं आणि आत दगड राहतं. सुटायला रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ताटलीत. ओट्यावर कधीच नाही. वाडगा वीस मिनिटांत उचलायचा, उरलं ते टाकायचं, वाडगा गरम पाण्याने आणि साबणाने.

मे-जूनमध्ये वादळाने रात्रभर वीज जाते आणि सकाळी फ्रीझर पुन्हा चालू असतो, तेव्हा मांस मध्ये सुटलं होतं का हे कळत नाही. वाटीभर पाणी गोठवा, त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू द्या. नाणं वरच असेल तर काळजी नाही. तळाशी जाऊन गोठलं असेल तर सगळं वितळून परत गोठलंय. ते मांस पिल्लाला नको, शिजवूनही नको.

बकरी, मेंढी, गुरं यांचं काळीज आणि फुप्फुस नेहमीच शिजवा. त्यांत पाण्याच्या फोडांसारख्या गाठी असू शकतात, त्यांतून कुत्र्याला फीतकृमी होतो आणि कुत्र्याकडून माणसाला जलकोष, म्हणजे अवयवांत वाढणाऱ्या पाण्याच्या गाठी, होऊ शकतो. डुकराचं मांस कच्चं नको. चोरीस (गोव्याचं डुकराचं सॉसेज) तर मीठ, मिरची, विनेगर आणि लसणीमुळे कोणत्याच रूपात नको. मासाही शिजवलेलाच, कारण काही कच्च्या माशांतलं एक द्रव्य ब-१ जीवनसत्त्व मोडतं. शिजवल्यावर ते जातं. पण शिळ्या बांगड्यात आणि तारल्यात तयार झालेलं हिस्टामिन शिजवूनही जात नाही, म्हणून डोळे बसलेला, कल्ले तपकिरी पडलेला मासा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

श्रावण आणि मासेमारी बंदी

गोव्यातल्या बऱ्याच मराठी घरांत हा बिघाड दरवर्षी एकाच सुमाराला परततो, आणि त्याचं कारण दिनदर्शिकेत असतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद, तेव्हा ताजे तारले-बांगडे महाग आणि बाहेरून आलेले. ताटातला मासा जातो, त्यासोबत ड जीवनसत्त्वही जातं. त्या जागी पुरुमेताचे (पावसाळ्यासाठी साठवलेले) खारे बांगडे घालू नका, त्यात मीठ फार. मेमध्येच दोन महिन्यांचा मासा शिजवून, काटे काढून, साठ-साठ ग्रॅमच्या पाकिटांत गोठवा, किंवा पशुवैद्यकाला विचारून माशाच्या तेलाची आणि ड जीवनसत्त्वाची मात्रा ठरवून घ्या. दोन्ही अंदाजाने सुरू करू नका, ड जीवनसत्त्व जास्त झालं तरी घातक असतं.

मग श्रावण येतो. घरात मांस शिजत नाही. पिल्लू एका रात्रीत दूध-भातावर, चपातीवर जातं. अर्ध्या लिटर दुधात कॅल्शियम सुमारे ०.६ ग्रॅम, म्हणजे गरजेच्या सहाव्या हिश्शाएवढं, आणि त्यातल्या साखरेने शी पातळ होते. चतुर्थीनंतर चिकन एकदम परत येतं, भरपाई म्हणून गळ्यांसकट. वाढीच्या ऐन महिन्यांत आधी उपास आणि मग भडिमार. चार महिन्यांच्या पिल्लासाठी हा एक महिना म्हणजे त्याच्या आयुष्याचा चौथा हिस्सा आहे.

यावर दोन मार्ग आहेत. परसात किंवा बाल्कनीत वेगळी शेगडी, वेगळं भांडं ठेवून पिल्लाचं ताट तसंच चालू ठेवणं. किंवा मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं तयार कोरडं खाद्य. पोत्यावर "मोठ्या जातीचं पिल्लू" लिहिलेलंच घ्या, नुसतं "पिल्लू" नको. श्रावण लागण्याच्या दहा दिवस आधी पाव हिस्सा, मग अर्धा, मग पाऊण असं करत जा, आणि चतुर्थीनंतर त्याच पायऱ्यांनी परत या. तयार खाद्यात कॅल्शियम आधीच पूर्ण असतं. त्या महिन्यात दोन्ही पुडी बंद, सिरप बंद, दूध किंवा अंड्याचं कवच काहीच नाही.

पाय सुधारतोय का, हे कसं ओळखायचं

पुढचे पंजे पसरून मनगटं खाली बसलेली किंवा पुढे वाकलेली असतील आणि एक्स-रे ठीक असेल, तर मापात आणलेल्या ताटावर साधारण दोन ते चार आठवड्यांत फरक दिसतो. तोवर गुळगुळीत फरशीवर पिल्लू ठेवू नका. रबरी चटया किंवा गोणपाट अंथरा, ओल्या मातीत हळू चालवा. जिने, दुचाकीवरून उड्या, चेंडूमागे धावणं बंद. मनगटाला पट्ट्या बांधू नका, स्नायू आणखी सैल पडतात.

पाच ते चौदा महिन्यांत पाय बदलत येणारं लंगडणं, विशेषतः जर्मन शेफर्डमध्ये, लांब हाडांच्या आतल्या दाहामुळेही असतं. ते आपोआप ओसरतं, पण आठवड्यांनी परत येऊ शकतं. त्या वेळी ताट बरोबर असूनही लंगडणं परतलं म्हणून ताट पुन्हा बदलायला जाऊ नका. वेदनेचं औषध पशुवैद्यक देतील. माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन घरातून देऊ नका. एकाच पायाने, खांद्यातून किंवा कोपरातून लंगडत असेल आणि दोन आठवड्यांच्या विश्रांतीनेही उतरत नसेल तर दोन्ही बाजूंचा एक्स-रे करून घ्या.

दवाखान्यात जाताना एका वहीत शेवटच्या पंधरा दिवसांचं लिहून न्या: रोजचं ताट ग्रॅममध्ये, पुडीचं वजन, रविवारचं पिल्लाचं वजन, शीचा रंग आणि घट्टपणा, कोणता पाय कोणत्या दिवशी दुखला. सिरपची आणि मिश्रणाची बाटली सोबत असू द्या, म्हणजे मागचं लेबल डॉक्टरांना वाचता येईल.